तबकातला कात कुणाचा?

रायगड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेनं विचारलंय: "गेल्या वर्षी नववीच्या मुलांना संग्रहालय दाखवायला नेलं होतं. आदिवासी दालनात तिरकमठा, उंदीर धरायचा सापळा, कुडाची झोपडी आणि तिच्यापुढे बसवलेला एक पुतळा होता. मुलं हसली, पुतळ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. माझ्या वर्गातल्या दोन कातकरी मुली दाराशीच थांबल्या, आत आल्याच नाहीत. यंदा पुन्हा सहल काढायची आहे. नेऊ का? नेलं तर काय वेगळं करू?"

ताई, मी बावीस वर्षं संग्रहालयात काम केलं. आधी कोठारात वस्तूंच्या नोंदी केल्या आणि नंतर शाळेच्या मुलांना दालनं दाखवली. तुम्ही वर्णन केलेला प्रसंग मी वेगवेगळ्या रूपांत इतक्या वेळा पाहिलाय की तुमचा प्रश्न वाचताना त्या दोन मुली डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. उत्तर लांबेल, पण नीट द्यायला हवं.

पुष्कळ जण तुम्हाला सांगतील, मुलांना आधी माहिती द्या म्हणजे ती हसणार नाहीत. माझा अनुभव तसा नाही. नववीच्या मुलांना आदिवासी म्हणजे कोण हे पुस्तकातून ठाऊक असतं, वारली चित्रं तर त्यांनी कार्यानुभवाच्या तासाला काढलेली असतात. ती हसतात, कारण दालनाची मांडणीच त्यांना सांगत असते की काचेच्या पलीकडे 'ते' आणि अलीकडे 'आपण'. 'ते' म्हणजे कुतूहलाची चीज आणि 'आपण' म्हणजे बघणारे. हा निरोप तुमच्या वर्गात सगळ्यांत आधी त्या दोन मुलींना कळला. काचेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं हेच त्यांना उमगेना, म्हणून त्या दाराशी राहिल्या. तेव्हा खरा प्रश्न मुलांच्या अज्ञानाचा नाही. एका वस्तूवरून 'आपण' आणि 'ते' ही रेघ कोण ओढतं आणि ती कुठून कुठे जाते, हे मुलांना दाखवता येईल का, असा तो आहे. माझ्या मते येतं, आणि त्यासाठी संग्रहालयासारखी जागा नाही, कारण ती रेघ तिथे भिंतीच्या रूपात उभी असते.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. संग्रहालय कुठलं, तिथे वस्तू हातात देतात का, तुमच्याबरोबर दुसरे शिक्षक किती, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्या मुलींना यायचं आहे का. शेवटच्या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी कातकऱ्यांपासून सुरुवात करते, कारण तुमच्याकडे तो विषय दाराशी आहे. कातकरी हे नावच वस्तूवरून आलंय. खैराच्या लाकडाचा गाभा काढायचा, त्याच्या ढलप्या करायच्या, त्या पाण्यात उकळायच्या, ते पाणी आटवून घट्ट करायचं आणि त्याच्या वड्या पाडायच्या. हा कात. तो करणारे ते कातकरी, म्हणजेच काथोडी. आता हा कात जायचा कुठे? पानात. शहरातल्या, गावातल्या, वाड्यातल्या, देवळातल्या पानात. चुना, सुपारी आणि कात यांच्याशिवाय विडा रंगत नाही.

पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणारे कवी. त्यांनी आयुष्यभर घरोघरच्या वस्तू जमवल्या आणि संग्रहाला आपल्या दिवंगत मुलाचं नाव दिलं. १९७५ मध्ये तो संग्रह राज्य सरकारकडे सोपवला. तिथले अडकित्ते प्रसिद्ध आहेत. घोड्याचे, मोराचे, बायाबापड्यांच्या आकृत्यांचे. पानाची तबकं आहेत, चुन्याच्या डब्या आहेत. मुलं ते बघून हसत नाहीत, "काय कारागिरी!" म्हणतात. पुण्यातच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे आदिवासी जमातींची हत्यारं, दागिने, भांडी, मुखवटे आहेत. पुण्याची सहल एकाच दिवसात ही दोन्ही ठिकाणं बघू शकते, आणि बहुतेक सहली ती दोन वेगळी ठिकाणं म्हणूनच बघतात. एकात 'आपली परंपरा', दुसऱ्यात 'त्यांचं जीवन'.

पण तबक आणि कातकरी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. वाड्यातल्या तबकात जो कात होता, तो कुणीतरी डोंगरात धुरापाशी बसून आटवला होता. १८७८ च्या वन कायद्यानं जंगलं राखीव झाली, खैर तोडण्यावर बंधनं आली आणि ज्या धंद्यानं जमातीला नाव दिलं तोच धंदा हळूहळू हातचा गेला. नाव राहिलं. तबक पेठेत चकाकत राहिलं. मग कोळसा पाडणं आलं, वीटभट्टी आली. तुमच्याकडे दिवाळीनंतर किती कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जातात हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या हजेरीपटावर ते दिसतच असेल.

हे मुलांपुढे ठेवायला मोठं व्याख्यान लागत नाही. मी पुष्कळ वेळा काताचा एक खडा रुमालात बांधून नेते. तबकापुढे उभं राहून मुलांच्या हातावर ठेवते आणि विचारते, "हे कुणी केलं असेल?" पाटीवर उत्तर नसतं. पाटीवर असतं 'पानाचे तबक, पितळ'. मग आम्ही दुसऱ्या संग्रहालयात, किंवा दुसऱ्या दालनात, तोच खडा घेऊन जातो. तिथल्या पाटीवर असतं 'कातकरी: शिकार व मासेमारी करणारी जमात'. कात तिथेही नसतो. तेव्हा कुणीतरी मूल हमखास म्हणतं, "मग हा मधेच हरवला की!" ती वेळ पकडा. दोन दालनांमध्ये जी भिंत आहे, तिच्यात तो हरवलेला असतो. वेगळेपण त्या लोकांच्या अंगात जन्मजात चिकटलेलं नाही. दोन माणसांमधला व्यवहार कापून त्याचे दोन तुकडे दोन खोल्यांत ठेवले की प्रत्येक तुकडा वेगळा आणि एकटा दिसू लागतो.

ही माझी कल्पना नव्हे. फ्रेड विल्सन या अमेरिकन कलावंतानं १९९२ मध्ये बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत एक प्रदर्शन मांडलं. संस्थेच्याच कोठारातली नक्षीदार चांदीची भांडी आणि तिथल्याच कोठारातल्या गुलामांच्या बेड्या त्यानं एकाच कपाटात ठेवल्या. पाटी एकच, धातुकाम, १७९३ ते १८८०. त्यानं नवीन वस्तू आणली नाही. आरोपाचं वाक्यही लिहिलं नाही. वेगळ्या खोल्यांत राहिलेल्या दोन वस्तूंची गाठ घालून दिली, एवढंच. मी त्याबद्दल प्रथम वाचलं तेव्हा कोठारातल्या नोंदवह्या पुन्हा उघडून बसले होते.

नोंदवह्यांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण मुलांना ती लगेच समजते. आदिवासी वस्तूच्या नोंदीत बहुधा तीन गोष्टी असतात: वस्तूचं नाव, जमातीचं नाव, आणि ज्यानं ती आणून दिली त्याचं नाव. आणून देणाऱ्याला नाव, आडनाव, कधी पदवीसुद्धा. करणाऱ्याला फक्त जमात. जणू तो सापळा एका माणसानं बसून विणलाच नाही, अख्ख्या जमातीनं विणला. अडकित्त्याच्या लोहाराचीही तीच गत, हे मान्य. पण लोहाराला 'कलाकुसर' हा शब्द तरी मिळतो. मुलांना पाटीवरची क्रियापदंही बघायला सांगा. 'वापरत असत', 'राहत असत'. ज्यांची मुलगी तुमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसते त्यांच्याबद्दल भूतकाळ! मी मुलांना एकच काम देते: ही पाटी पुन्हा लिहा, पण करणारा एक माणूस आहे असं धरून आणि वाक्य वर्तमानकाळात. नाव माहीत नसेल तर 'करणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही' असं लिहा. हे वाक्य लिहिताना वर्ग शांत होतो. मी दर वेळी ते बघत आले आहे.

नाव मिळालं की काय होतं, हे वारली चित्रांवरून दाखवता येईल. मूळचं हे चित्र म्हणजे लग्नाचा चौक. सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं तो लिहीत, मधोमध पालघाट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून लग्न लावी. १९७० नंतर हे चित्र कागदावर आलं आणि जिव्या सोमा म्हसे हे नाव जगाला कळलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. बायकांच्या हातचं, घरातल्या भिंतीवरचं, विधीपुरतं चित्र एका पुरुषाच्या सहीनं दालनात आलं. यात मिळालं किती आणि सुटलं किती, हे मोजणं सोपं नाही, आणि नववीच्या मुलांशी यावर मोकळेपणानं बोलता येतं. ओळख म्हणजे जुन्या पेटीतली वस्तू असं त्यांना वाटत असतं. एका पिढीच्या आत ती कशी बदलते, कोण बदलवतं, हे इथे लख्ख दिसतं.

आता उलट बाजूची चूक. संवेदनशील शिक्षक बहुतेक वेळा तिच्यात पडतात, मीही वर्षानुवर्षं पडले. मुलं हसू नयेत म्हणून आपण घाईनं म्हणतो, "अरे, सगळी माणसं सारखीच असतात." उंदीर धरायच्या सापळ्यापुढे हे वाक्य उभं राहत नाही. मुलांच्या घरी उंदीर खात नाहीत, कातकरी खात आले आहेत. हा फरक खरा आहे आणि तो लपवला की मुलांना वाटतं, नक्कीच यात काहीतरी लाजिरवाणं आहे. त्या मुलींना तर ते दुप्पट वाटतं. त्यापेक्षा फरकाच्या आत शिरा. शेतातला उंदीर बिळात भाताच्या लोंब्या साठवतो. बीळ खणलं की उंदीर मिळतो आणि भातही मिळतं. बिळाची तोंडं किती, हवा कुठून जाते, उंदीर कुठून पळेल, हे ओळखणारा डोळा लागतो. ज्या शेतात भात पिकतं ते शेत बहुधा दुसऱ्याचं, आणि शेतकऱ्याला उंदीर गेलेला हवाच असतो. मुलांना विचारा, त्या सापळ्याच्या पाटीवर शेतकरी का नाही? पुन्हा तोच व्यवहार, पुन्हा मधली भिंत. एवढं बोलून झाल्यावरही एखादा मुलगा म्हणेल, "तरी मला शिसारी येते." येऊ द्या. "मला येते" आणि "ते घाणेरडे" या दोन वाक्यांत अंतर आहे, आणि ते अंतर त्याला कळलं तर सहल कामी आली असं मी समजते.

सहलीच्या आठवडाभर आधी वर्गात एक काम करून घ्या. एक सूप आणा, साधं बांबूचं. मुलांना विचारा, तुमच्या घरी याचं काय काय करतात? मी हे अनेक शाळांत केलंय. पहिलं उत्तर पाखडायचं. मग हळूहळू बाकीची येतात. कुठे नवजात बाळाला सुपात ठेवतात. तुमच्या बाजूला नवी नवरी गौरीला ओवसते, म्हणजे ओवाळते, तेव्हा सुपं लागतात. कुठे भगत सुपात दाणे टाकून आजाराचं कारण बघतो. एखाद्या मुलीनं सांगितलं होतं की आजी रागावली की सूप आपटते. आणि एकदा मागच्या बाकावरून एक मुलगा हळूच म्हणाला, "आम्ही करतो." बुरूड होता. तोवर वर्गात कुणीही सूप करणाऱ्याबद्दल बोललं नव्हतं.

फ्रांझ बोआस या मानवशास्त्रज्ञानं १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाशी याच मुद्द्यावर वाद घातला होता. तिथे ओटिस मेसन सगळ्या जमातींच्या वस्तू प्रकारानुसार लावत, सगळे खुळखुळे एका कपाटात, जणू माणसाच्या प्रगतीच्या पायऱ्या. बोआसचं म्हणणं होतं की एक खुळखुळा बाळाला रमवायला असेल आणि दुसरा आत्म्यांना बोलवायला किंवा हाकलायला. दिसायला सारखी म्हणून वस्तू एक होत नाही, ती ज्यांच्या हातात आहे त्यांच्यात ठेवून बघितली पाहिजे. सुपाचं अगदी तसंच आहे. मी बोआसचं मानते, पण त्याला एक पुस्ती जोडते. फक्त आपापल्या जमातीत ठेवूनही पुरत नाही, कारण सूप बुरडाच्या घरातून निघून बाजारातून कुणब्याच्या घरात जातं. वस्तू प्रवास करते. तिच्या मागे गेलं की जात दिसते, पैसा दिसतो, कोण कुणाच्या ओसरीपर्यंत येऊ शकत होतं ते दिसतं. हे बोलायला शिक्षक बिचकतात. बिचकू नका. फक्त एखाद्या मुलाला उभं करून बोलू नका.

वर्गात हे काम झालेलं असलं आणि मग संग्रहालयात 'आदिवासी जीवन' अशा पाटीखाली तेच सूप दिसलं, की मुलं स्वतःच थबकतात. "मॅडम, हे तर आमच्या घरी आहे." जात्यातले रडतात, सुपातले हसतात, असं आपण म्हणतो. गेल्या वर्षी हसणारी तुमची मुलं सुपातच होती. आपल्या आजीचं जातं आज दालनात आहे, आईचं उद्या काहीतरी येईल, हे त्यांना सूप दाखवून देतं.

पुणं लांब पडत असेल आणि मुंबईला जाणार असाल तर भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या. १८७२ मध्ये ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून लोकांसाठी उघडलं, आताचं नाव १९७५ पासूनचं. तिथे मुंबईच्या निरनिराळ्या लोकांच्या, पेहरावांच्या, धंद्यांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती आहेत. फार देखण्या आहेत, मला स्वतःला आवडतात. एक समाज, एक बाहुली, एक पागोटं. तिथे मुलांना बसवून विचारा: तुमच्या शाळेची एकच बाहुली करायची आहे, कुणाची कराल? मुलगा की मुलगी? गणवेशातली की घरच्या कपड्यांतली? पाच मिनिटांत भांडण लागतं. कुणालाही दुसऱ्याची बाहुली आपली म्हणून चालत नाही. मग त्या पागोटंवाल्यालाही चाललं असतं का, एवढंच विचारायचं.

वेगळी मांडणी कशी असते ते दाखवायचं असेल तर भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाची छायाचित्रं मुलांना दाखवा. श्यामला टेकडीवर उघड्या जागेत निरनिराळ्या जमातींची घरं आहेत आणि ती त्या त्या जमातींच्या माणसांनी येऊन स्वतः बांधली आहेत. तिथेही अडचणी आहेत. घर आहे पण घरातलं माणूस नाही, हे मला तिथे फिरताना सतत जाणवलं. पण भिंत कुणी लिंपली या प्रश्नाला तिथे उत्तर असतं.

आता त्या दोन मुली. त्यांना सगळ्यांसमोर काहीही विचारू नका. "तुमच्याकडे हे असतं ना?" हे वाक्य प्रेमानं उच्चारलं तरी ते मुलीला पुतळ्याशेजारी नेऊन बसवतं. मी हे सुरुवातीच्या वर्षांत केलंय. ठाकरवाडीतल्या एका मुलाला मी तारप्यापुढे उभं करून वाजवायला लावलं होतं. त्यानं वाजवला, टाळ्या पडल्या, आणि परतीच्या बसमध्ये तो कुणाशीही बोलला नाही. त्याचं तोंड मला अजून आठवतं. तेव्हा सहलीआधी एकट्यात भेटा, काय काय दाखवणार ते खरं सांगा, आणि विचारा. त्या "नको" म्हणाल्या तर आग्रह करू नका. नकाराचं कारणही मागू नका. "येतो" म्हणाल्या तर इतर मुलांसारखंच काम द्या, पाटी पुन्हा लिहायचं, तबकापुढे उभं राहायचं. घरातल्या कुणाला, आजोबांना किंवा मामाला, बरोबर यायचं असेल तर त्यांना पाहुणे म्हणून न्या, येण्याजाण्याचा खर्च द्या, आणि त्या दिवशीची मजुरी बुडत असेल तर तीही द्या. एकदा अशाच एका आजींनी आमच्या दालनातला मासे धरायचा सापळा बघून सांगितलं की तो उलटा ठेवलाय, असा ठेवला तर मासा आत येईल कसा? वर्षानुवर्षं तो तसाच होता. आम्ही त्याच दुपारी कपाट उघडून तो फिरवला आणि पाटीवर त्यांना विचारून त्यांचं नाव घातलं.

फोटो काढू द्यावेत का, हेही तुम्ही सूचित केलंय. बंदी घालू नका. फक्त नियम करा: फोटो काढायचा तर वस्तूचा काढायचा, आणि खाली एक प्रश्न लिहून दाखवायचा.

तारीख ठरली की संग्रहालयाला तीन आठवडे आधी पत्र द्या. हात लावता येतील अशा अभ्यासाच्या वस्तू आहेत का, ते त्यात विचारा. पुष्कळ ठिकाणी त्या कोठारात पडून असतात, कुणी मागत नाही म्हणून देत नाहीत. सापळ्याची नोंद वहीत कशी आहे, तेही बघायला मागा. वही दाखवली तर उत्तम. नाही दाखवली, तर का नाही दाखवली हा नववीच्या वर्गासाठी चांगला विषय आहे. आणि सहल दिवाळीआधी काढा. भट्टीचा हंगाम सुरू झाला की त्या दोघींचं यायचं की नाही हे ठरवणं त्यांच्या हातात राहणार नाही.